विहीर पोखरणची, कारखाना ट्रॉम्बेचा

जोधपूरला पोस्टिंग असताना एका उन्हाळ्यात आमच्या कंपनीला पोखरणच्या फायरिंग रेंजवर पाण्याची सोय करायचं काम मिळालं. मी नवा कॅप्टन, अंगात भलताच उत्साह. सोबत सुभेदार साहेब होते, खटाव तालुक्यातले. दुष्काळी मुलखातला माणूस, त्यामुळे विहीर या विषयात त्यांचं ज्ञान माझ्या डिग्रीपेक्षा खोल. तिसऱ्या दिवशी वाळू बाजूने ढासळायला लागली आणि मी वैतागून म्हणालो, "साहेब, इथे पाणी लागायचं नाही."

ते तंबाखू मळत म्हणाले, "लागतं की. याच रेंजवर एकदा विहिरीला पाणी लागलं होतं आणि खणणाऱ्यांच्या साहेबांनी कपाळाला हात लावला होता. पाणी लागलं म्हणून विहीर सोडून दिलेली मी तेवढी एकच ऐकली."

ती गोष्ट १९७४ ची. जोधपूरच्या ६१ इंजिनियर रेजिमेंटला खोल विहीर खणायचा हुकूम मिळाला होता. कमांडिंग ऑफिसर होते कर्नल सभरवाल. जवानांना सांगितलं होतं की रेंजसाठी पाण्याची विहीर आहे. विहिरीच्या नावाखाली जे खणलं जात होतं तो अणुस्फोटाचा कूपक होता, आणि त्याला हवी होती कोरडी ठणठणीत जमीन. जवान पाण्यासाठी घाम गाळत होते आणि वरचे लोक पाणी लागू नये म्हणून देव पाण्यात ठेवून बसले होते. शेवटी पाणी लागलंच. महिनोन् महिन्यांची मेहनत सोडून द्यावी लागली आणि एका ओसाड गावाजवळ, जिथली जुनी विहीर कोरडी होती, तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. तो कूपक १०७ मीटर खोल गेला. ज्याने वाळवंटात दहा मीटरची विहीर बांधून काढली आहे, त्यालाच या आकड्याचा अर्थ कळेल.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी भाची. माटुंग्याला केमिकल इंजिनियरिंग शिकते. शेवटचं वर्ष जवळ आलं, आणि तिने घरात सांगितलं की तिला सरकारी प्रयोगशाळेत जायचंय, जमलं तर संरक्षण किंवा अणुऊर्जा. आमचे दाजी व्यवहारी माणूस. म्हणाले, "संरक्षणात केमिकल इंजिनियरचं काय काम? तिथे ते भौतिकशास्त्रवाले लागतात." आणि माझ्याकडे वळून, "काय हो कर्नल, बरोबर ना?"

बरोबर नव्हतं. पण त्या क्षणी मला नीट सांगताही येईना. म्हणून हा लेख.

पोखरण म्हटलं की नावं येतात ती राजा रामण्णा, चिदंबरम, अय्यंगार यांची. सगळे भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांचा मान त्यांना आहेच. पण १८ मे १९७४ रोजी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदावर जो माणूस होता तो केमिकल इंजिनियर होता: होमी नसरवानजी सेठना. दुसरे होमी. पहिले होमी म्हणजे भाभा, ते सगळ्यांना माहीत. या दुसऱ्या होमींनी संरक्षण मंत्रालयात एक दिवसही नोकरी केली नाही, तरी देशाच्या संरक्षणाचा एवढा मोठा निर्णय ज्यांच्या टेबलावरून गेला असे सनदी पदावरचे लोक फार थोडे.

सेठना मुंबईचे पारशी, जन्म २४ ऑगस्ट १९२३. शिक्षण झेवियर्समध्ये, मग मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे ज्याला आपण जुन्या सवयीने यूडीसीटी म्हणतो आणि जिथे आमची भाची आज शिकते तीच संस्था. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून केमिकल इंजिनियरिंगची पदव्युत्तर पदवी. परत आले तेव्हा भाभांना अशाच माणसाची गरज होती. भाभांकडे गणित आणि भौतिकशास्त्र जाणणारी हुशार मंडळी जमत होती, पण टनावारी माल आम्लात उकळून त्यातून हवं ते काढणारा माणूस त्यांच्यात नव्हता.

पहिलं काम मिळालं केरळात, अलवायेला. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची काळपट वाळू तुम्ही पाहिली असेल. तिच्यात मोनाझाइट असतं आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. कोचीनला एका कोर्ससाठी गेलो होतो तेव्हा रेल्वेतून पेरियार नदी ओलांडताना शेजारच्या प्रवाशाने मला त्या बाजूचे कारखाने दाखवले होते. तेव्हा मी डबा उघडून इडली खात होतो, फारसं लक्ष दिलं नाही. आता वाटतं, उतरायला हवं होतं. इंडियन रेअर अर्थ्सचा मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना १९५२ मध्ये तिथे सुरू झाला, आणि तो उभा करून चालवणारे सेठना तेव्हा तिशीच्याही आत होते.

थोरियमचं तेव्हा करायचे काय? गंमत ऐका. थोरियम नायट्रेट लागतं गॅसबत्तीच्या मँटलला. पेट्रोमॅक्समध्ये आपण जी रेशमी पिशवी बांधायचो आणि पेटवली की जिची पांढरीशुभ्र राख उजेड द्यायची, त्या राखेत थोरियम. ट्रॉम्बेला १९५५ मध्ये थोरियमचा कारखाना निघाला तेव्हा मोठं गिऱ्हाईक हे मँटलवालेच. म्हणजे ज्या बत्तीखाली आपण सीमेवरच्या तंबूत पत्रं लिहिली, तिचा धागा या अणुखात्याशी जुळतो. मी हे एकदा जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवीना.

पण सेठनांचं खरं काम पुढचं. त्यावर जरा सावकाश लिहितो, कारण दाजींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. कॅनडाने दिलेली, ४० मेगावॉटची, आणि तिला लागणारं जड पाणी अमेरिकेचं. या भट्टीत नैसर्गिक युरेनियमच्या सळ्या जळतात आणि जळता जळता त्यांच्यात थोडं प्लुटोनियम तयार होतं. किती थोडं? एक टन सळ्यांमागे एक किलोच्याही आत. बाकी सगळं युरेनियम, आणि त्यात मिसळलेली भयंकर किरणोत्सारी घाण. पहिल्या स्फोटातल्या उपकरणात सुमारे ६ किलो प्लुटोनियम होतं असं सांगतात. करा हिशोब.

आता ते किलोभर प्लुटोनियम त्या टनभर गाळातून काढायचं कसं? सळ्या आधी कित्येक महिने पाण्याच्या खोल हौदात निवू द्यायच्या. मग चिरून नायट्रिक आम्लात विरघळवायच्या. मग त्या द्रावणात ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचा द्रव रॉकेलच्या जातीच्या तेलात मिसळून सोडायचा. युरेनियम आणि प्लुटोनियम आम्ल सोडून तेलात येतात, घाण आम्लातच राहते. ताकावर लोणी तरंगतं तसं काहीसं. पुढे पुन्हा रसायनं घालून प्लुटोनियम तेलातून वेगळं पाण्यात उतरवायचं. कागदावर हे कॉलेजच्या प्रॅक्टिकलइतकं सोपं दिसतं. पण हे सगळं करायचं जाड काँक्रीटच्या भिंतीआड, हात न लावता. एखादा पाइप गळला तर फिटरला आत पाठवता येत नाही. आधी धुऊन धुऊन ती जागा माणूस उभा राहू शकेल इतकी साफ करावी लागते. आणि प्लुटोनियमचं द्रावण साध्या मोठ्या टाकीत साठवायचं नाही. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त एकत्र आलं की ते स्वतःच पेटतं, म्हणजे साखळी प्रक्रिया सुरू होते. म्हणून भांडी करायची ती लांब आणि सडपातळ, नळकांड्यांसारखी. भांड्याचा आकार चुकला तर माणसं मरतात.

या कारखान्याचं नाव होतं फिनिक्स. जुलै १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला मंजुरी दिली आणि सूत्रं सेठनांकडे आली. सगळं आपल्याच डोक्यातून निघालं असं म्हणणं खोटं ठरेल. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेनंतर या प्रक्रियेची बरीच माहिती जगाला खुली झाली होती आणि सुरुवातीच्या आराखड्यात एका अमेरिकन कंपनीचाही हात होता. पण बाहेरच्या कागदावरून चालता कारखाना उभा करणं म्हणजे काय हे कुठल्याही सॅपरला विचारा. बेली पुलाचं पुस्तक सगळ्यांकडे असतं, पूल बांधता येतो थोड्यांना. कारखाना १९६४ मध्ये चालू झाला. वर्षाला ३० टन वापरलेलं इंधन हाताळायची त्याची क्षमता. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने लोप नोर इथे पहिला अणुस्फोट केला. बासष्टची जखम दोनच वर्षांची होती. २२ जानेवारी १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी फिनिक्सचं उद्घाटन केलं. कारखान्याचं सांगितलेलं कारण होतं वीज. भाभांच्या योजनेत प्लुटोनियम हे पुढच्या पिढीतल्या अणुभट्ट्यांचं इंधन होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. पण त्या दिवशी हे काम करू शकणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश होता, आणि हे शास्त्रींच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत असणार.

त्यानंतर वर्षभरात सगळं उलटं झालं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले, आणि २४ तारखेला माँ ब्लाँवर एअर इंडियाचं विमान कोसळून भाभा गेले. आयोगाचे अध्यक्ष झाले विक्रम साराभाई आणि ट्रॉम्बेच्या केंद्राचे संचालक सेठना. साराभाईंचा बॉम्बला विरोध होता, तो प्रामाणिक होता. या वर्षांत सेठनांच्या देखरेखीखाली झालेलं मोठं काम म्हणजे बिहारमधल्या जादुगुडाचा युरेनियम कारखाना. डिसेंबर १९७१ च्या अखेरीस साराभाई गेले, युद्ध संपून दोन आठवडे झाले होते. १९७२ च्या सुरुवातीला सेठना अध्यक्ष झाले, रामण्णा केंद्राचे संचालक. सप्टेंबरमध्ये इंदिरा गांधी ट्रॉम्बेला आल्या आणि तयारीला संमती देऊन गेल्या.

सेठना आणि रामण्णा यांचं फारसं जमत नसे, हे त्या पिढीतल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. रामण्णा पियानो वाजवणारे, तत्त्वज्ञानात रमणारे. सेठना फटकळ, मुंबईच्या पारशाला शोभेल असे. पण आपल्याकडे दोन कंपनी कमांडर एकमेकांशी बोलत नसतानाही हल्ला वेळेवर होतो, तसं ते झालं.

काम वाटलं गेलं होतं. गाभा ट्रॉम्बेचा, आणि त्याला चारी बाजूंनी एका क्षणात दाबणारी स्फोटकं संरक्षण संशोधनवाल्यांची. यात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो आपणच विसरलो आहोत. तिथल्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक वामन दत्तात्रय पटवर्धन, रसायनशास्त्राचाच माणूस, यांच्या देखरेखीखाली स्फोट घडवणारी यंत्रणा तयार झाली. खडकीला मी रंगरूट शिकवत होतो तेव्हा त्या पाषाणच्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असेन.

मे महिन्यात सगळं पोखरणला पोचलं. प्लुटोनियमचा गाभा मुंबईहून लष्कराच्या पहाऱ्यात आला, सोबत चिदंबरम आणि रॉय. दिल्लीत मात्र अजून घोळ चालू होता. पंतप्रधानांच्या जवळच्या दोन सल्लागारांना, हक्सर आणि धर यांना, ही वेळ योग्य वाटत नव्हती. तेव्हाची एक हकीकत सेठनांनीच पुढे सांगितली. शेवटच्या दिवसांत ते इंदिरा गांधींना भेटले आणि म्हणाले की उद्या मी ते उपकरण खाली ढकलतो आहे, एकदा गेलं की परत काढ म्हणू नका, कारण काढता येणार नाही. बाईंनी जा म्हणून सांगितलं आणि विचारलं, भीती वाटते का? सेठना नाही म्हणाले.

मला हा प्रसंग फार आवडतो. त्यांनी बाईंना शौर्याचं भाषण दिलं नाही. कूपकात उतरवून वर वाळू आणि सिमेंट भरलं की ती वस्तू परत येत नाही, ही एका कारखानेदाराने सांगितलेली बाब आहे. आमच्या सुभेदारांनीही मला असंच सांगितलं असतं.

१८ मे, शनिवार. स्फोट ठरला होता सकाळी ८ ला, झाला ८ वाजून ५ मिनिटांनी. कॅमेरे तपासायला गेलेल्या एका अभियंत्याची जीप ऐन वेळी चालू होईना, म्हणून त्याला परत यायला वेळ लागला. अणुयुगात शिरताना देशाला पाच मिनिटं उशीर झाला तो सरकारी जीपमुळे. हे वाचून ज्याने फौजेत एमटीचा चार्ज सांभाळला आहे तो हसल्याशिवाय राहणार नाही. प्रणव दस्तीदारांनी बटण दाबलं. जमीन टेकडीसारखी उचलली गेली आणि खाली बसली. मग दिल्लीला कळवायचं होतं. सेठनांनी फोन लावला तर लाइन धड चालेना, पोखरण गावातल्या एक्स्चेंजपर्यंत धावाधाव झाली असं सांगतात. 'बुद्ध हसला' असा निरोप त्यांनी दिला की नाही यावर अजून वाद आहेत. मला विचाराल तर, तुटणाऱ्या ट्रंक कॉलवर एवढं काव्य कुणाला सुचणार?

आता जे मला खटकतं ते लिहितो. हे काम मोजक्या लोकांत ठेवलं होतं. लष्करप्रमुख जनरल बेवूर यांना सांगावं लागलं, कारण खड्डा फौजेने खणायचा होता. पण संरक्षणमंत्री जगजीवन राम यांना स्फोट होऊन गेल्यावर कळलं. गुप्तता हवीच, तिच्याशिवाय हे झालं नसतं. पण अशी सवय पडते. फौजेने विहीर खणली आणि मग पुढची कित्येक वर्षं फौजेला त्या विषयात कुणी काही विचारलं नाही. १९८१ मध्ये महूच्या कॉलेज ऑफ कॉम्बॅटमध्ये जनरल सुंदरजींनी अधिकाऱ्यांकडून टपालाने मतं मागवून अण्वस्त्रांवर चर्चासत्र घेतलं, ते स्वतःच्या पुढाकाराने. याचा दोष एकट्या सेठनांना देता येणार नाही, निर्णय पंतप्रधानांचे असत. पण त्या दाराच्या किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांनी आमच्या बाजूला फिरवल्याचं दिसत नाही.

स्फोटाचं बिल मात्र त्यांच्याच टेबलावर आलं. कॅनडाने मदत थांबवली. कोट्याजवळची रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी अर्धवट राहिली. जड पाणी मिळेना. आपण जड पाण्याचे कारखाने काढले तर त्यातल्या बडोद्याच्या कारखान्यात १९७७ च्या अखेरीस स्फोट झाला. अमेरिकेने तारापूरच्या इंधनाला आडकाठी घातली. १९७५ चं पद्मविभूषण मिळालं, पण पुढची आठ वर्षं या माणसाने वाटाघाटी आणि व्हॉल्व्ह यांत घालवली. १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच सुमारास मद्रासजवळ कल्पाक्कमला आपण स्वतः बांधलेली अणुभट्टी चालू झाली. स्फोटाबद्दल सगळे बोलतात. बहिष्कारातही तोच माणूस जड पाणी जमवत राहिला, हे माझ्या लेखी जास्त कठीण होतं.

२००९ मध्ये १९९८ च्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीवरून वाद पेटला तेव्हा ८६ वर्षांचे सेठना त्यात उतरले आणि माजी राष्ट्रपतींबद्दल जाहीरपणे विचारून बसले की स्फोटक दर्जाचा पदार्थ काढण्यातलं त्यांना काय कळतं. पुष्कळांना ते आवडलं नाही, मलाही नाही. पण शब्द पाहा. काढणं. सगळी हयात ज्यात गेली तेच तोंडी आलं. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१० रोजी, मुंबईत ते वारले.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. दाजी ऐकत होते, त्यांना पेट्रोमॅक्सचा भाग आवडला. भाचीने वेगळंच विचारलं. "मामा, ते आम्लात उरलेलं सगळं, ती घाण, तिचं काय केलं?"

मी म्हटलं, स्टीलच्या टाक्यांत साठवली. पुढे तारापूरला, मग ट्रॉम्बेला, ती काचेत वितळवून घट्ट करायचे कारखाने निघाले. काचेचे गोळे स्टीलच्या डब्यांत बंद करून ठेवतात. फिनिक्सही १९७४ मध्येच धुण्यासाठी बंद केला होता, तो साफ करून, वाढवून पुन्हा चालू करायला पुढचं दशक उजाडलं.

"आणि ते डबे किती वर्षं सांभाळायचे?"

मी म्हटलं, तुझ्या नातवंडांनाही सांभाळावे लागतील.

तिने मान डोलावली आणि विचारलं की काच कुठली वापरतात. मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी तिनेच फोन करून सांगितलं, बोरोसिलिकेट.